बत्तीस इंची साक्षीदार

रविवार, १२ मार्च १९७२. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. कलकत्त्यात, बागबाजारातल्या एका घराच्या पहिल्या मजल्यावर, डाव अर्ध्यावर असताना, चारुदत्त पारसनीसच्या हातातून एक मासिक निसटले आणि माझ्या अंगावर पडले. तीन पांढऱ्या सोंगट्या आणि राणी जागची हलली. कुणीही त्या परत जागेवर ठेवल्या नाहीत.

घटना एवढीच. पण त्या दिवशी त्या खोलीत जो धक्का बसला, त्यातून मी अजून सावरलेलो नाही. कागदोपत्री त्याचा कसलाही पुरावा नाही. खोलीत जी माणसे होती त्यांतला प्रत्येक जण ते वेगळे सांगेल. मी सगळ्यांच्या मधोमध होतो, म्हणून मी सांगतो.

मी कॅरमचा बोर्ड. आता चौकटीचे पॉलिश गेले आहे, एका कोपऱ्याची जाळी फाटली आहे आणि दमट हवेत माझे पोट थोडे फुगते. तरी ऐकलेले सगळे माझ्या लक्षात आहे.

मित्रांनो, माझा जन्म नोव्हेंबर १९६३ मध्ये हावड्याला झाला. स्टेशनच्या पलीकडे लेथ मशिनांच्या खडखडाटात एका म्हाताऱ्या मिस्त्रीचे लाकूडकामाचे दुकान होते. त्याने शिसवीची चौकट जोडली, आत प्लायवूड बसवले आणि पाठीला बळकटी यावी म्हणून अधिकच्या चिन्हासारख्या दोन पट्ट्या ठोकल्या. त्या पट्ट्या लक्षात ठेवा. पुढे त्यांना काम आहे. मग त्याने जोरात स्ट्रायकर मारला. तो इकडून तिकडे साडेतीन वेळा गेला तेव्हा मिस्त्री म्हणाला, हा बोर्ड चांगल्या घरी जाईल.

चारुदत्तने मला विकत घेतले. तो तेव्हा एकतीस वर्षांचा होता, एका विमा कंपनीच्या मुख्य कचेरीत कामाला होता, लग्नाला दोन वर्षे झाली होती. हमालाच्या डोक्यावरून मी हावड्याचा पूल ओलांडला. खाली नदी होती, ती मला दिसली नाही. फक्त गाड्यांची थरथर लाकडात जाणवली. पुलाशी माझा पुढे इतका संबंध येईल, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

दर रविवारी चार वाजता खेळ मांडला जाई. चौघे ठरलेले. चारुदत्त आणि श्रीकांत समोरासमोर, एका बाजूचे. श्रीकांत केंद्र सरकारच्या नोकरीत होता, बदली होऊन आलेला, बोलायला तिखट, खेळायला त्याहून तिखट. दुसऱ्या बाजूला चारुदत्तची बायको श्यामला आणि सदाशिव मास्तर. मास्तर बेहालाहून बस बदलत येत. त्यांच्या पणजोबांपासूनचे घराणे कलकत्त्यातच होते. ते शाळेत गणित शिकवत, सोंगटीला 'घुटी' म्हणत आणि श्यामलेला बंगाली रीतीने 'बौदी', म्हणजे वहिनी, म्हणत. त्यांचे मराठी घरातले, प्रेमाचे आणि जरा लंगडे. नोकरी केला, गोष्ट सांगितला, असे ते बोलत. श्रीकांत त्यावर हसून घेई आणि मास्तरही हसत.

त्या वर्षांत माझे फार कौतुक झाले. पावडर भुरभुरली की मी आरशासारखा गुळगुळीत चालत असे. "असा बोर्ड भवानीपूरच्या क्लबात पण नाही," श्रीकांत म्हणे, आणि माझ्या चौकटीवर थाप मारी.

आता तारखा नीट सांगतो, कारण पुढचा सगळा गोंधळ तारखांचाच आहे.

९ ऑगस्ट १९६४. हवा दमट, सोंगट्या चिकटत होत्या. खेळ रेंगाळला तेव्हा सदाशिव मास्तर बोलायला लागले.

"आमच्या आजोबांचा नोकरी जुन्या पुलावर होता. तो पूल तरंगणारा. खाली होड्या, वर फळ्या. जहाज यायचा असला की मधला भाग सरकवून उघडायचे. दोन तास बंद. कधी उघडणार ते आदल्या दिवशी पेपरात छापून यायचं."

"आणि लोक?" श्यामलेने विचारले.

"लोक दोन्हीकडे उभे. काय करणार? आजोबा निशाण दाखवायचे. एक दिवस आजी गाडीने आली, हावड्याला उतरली. कडेवर मुलगी, माझी आत्या, तीन वर्षांची. रस्त्यात ताप चढलेला. डॉक्टर या बाजूला. पूल नुकताच उघडलेला. आजीने पलीकडून लाल शाल हलवली. आजोबांनी पाहिलं. जहाज अजून लांब होतं. साहेबाला सांगून पूल जोडता आला असता."

"मग?"

"नाही सांगितलं. निशाण धरून उभे राहिले. दोन तास."

मुलीचे काय झाले ते मास्तरांनी सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही. श्रीकांतने स्ट्रायकर उचलला, पण मारला नाही. चारुदत्त खिडकीबाहेर पाहत होता. त्या दिवशी खेळ पुढे झाला नाही.

६ फेब्रुवारी १९६६. चहा येण्याच्या वेळी चारुदत्त सहज म्हणाला, "मी एक कादंबरी लिहितोय. पुलावरच्या माणसाची."

मी मास्तरांकडे लक्ष दिले. त्यांनी नेम धरला आणि काळी सोंगटी कोपऱ्यात घातली.

त्यानंतर चार वर्षे ती कादंबरी दर रविवारी माझ्यावर बोलली गेली. आज पहिले प्रकरण, पुढच्या रविवारी शेवट, मग पुन्हा पहिले प्रकरण वेगळे. चारुदत्तने जाड कागदाची वही आणली, सोनेरी निबेचे पेन आणले. वहीत पहिल्या पानावर नाव आले, दुसऱ्यावर अर्पणपत्रिका. ती चार वेळा बदलली. तिसऱ्या पानापासून वही कोरी.

"लेखक, मारा आता," श्रीकांत म्हणे. "किती पानं झाली?"

"पानं मोजायची नसतात. आधी मनात पुरी व्हावी लागते."

"मग मनातल्या मनात छापून पण टाक. आम्ही मनातल्या मनात वाचतो."

श्यामला कप उचलत विचारी, "अर्पणपत्रिकेत माझं नाव आहे ना अजून?"

"आहे."

"मग तेवढंच छापा. मला पुरे."

सगळे हसत. चारुदत्त सगळ्यात मोठ्याने हसे. त्याला खरोखर वाटत होते की काम चालू आहे. मित्रांनो, बोलून झालेल्या रविवारी तो इतका समाधानाने थकलेला असे, जणू दिवसभर लिहीतच होता. मलाही तसेच वाटे. आम्ही दोघे फसलो.

१४ जुलै १९६८. त्या दिवशी चारुदत्तला काहीतरी सुचले. तो उठून उभा राहिला. "ऐका. ती बाई त्यानंतर त्या पुलावर कधीच पाय ठेवत नाही. नवऱ्याशी एक शब्द बोलत नाही. तो बागबाजारात, ती हावड्याला. मध्ये नदी. मरेपर्यंत!"

श्रीकांतने माझ्या तिसऱ्या कोपऱ्यावर मूठ आपटली. "वा! हीच कादंबरी. बाकी सगळं सोड, हे लिही."

मास्तरांनी मान खाली घातली होती. ते सोंगट्या मांडत होते. एकोणीसपैकी एक त्यांना सापडेना. ती त्यांच्याच मुठीत होती.

जानेवारी १९७० मध्ये श्रीकांतची पुण्याला बदली झाली. निघताना त्याने माझ्यावर शेवटचा डाव खेळला, राणी घेतली, कव्हर केली आणि चारुदत्तला म्हणाला, "लिही रे." चौथी खुर्ची रिकामी झाली. शहरही बिघडले होते. ट्रॅम मध्येच थांबत, गल्लीत पोलीस येत, दुकाने भर दुपारी पटापट बंद होत. तिघे तीनला खेळायला बसू लागले, म्हणजे मास्तरांना फार अंधार व्हायच्या आत बेहालाला पोचता येई. कादंबरी मात्र चालूच होती. आता ऐकणारे दोघेच होते.

आणि मग १२ मार्च १९७२. त्या दिवशी मास्तरांना यायला उशीर झाला होता, म्हणून खेळ लांबला होता. मासिक शनिवारच्या टपालाने आले होते. श्यामलेला सांगायचे राहिले होते. चहाबरोबर तिने ते आणून दिले. वेष्टनावर श्रीकांतचे अक्षर होते. चारुदत्तने खुशीत वेष्टन फाडले, खूण केलेले पान उघडले आणि वाचता वाचता उभा राहिला.

गोष्टीचे नाव होते 'दोन तास'. खाली श्रीकांतचे नाव. अकरा पाने. समासात निळ्या शाईत चार ओळी होत्या. त्या श्यामलेने नंतर मोठ्याने वाचल्या, म्हणून मला माहीत आहेत.

"चारू, चार वर्षं ऐकलं, दोन वर्षं वाट पाहिली. तू लिहिणार नाहीस अशी खात्री झाली तेव्हा लिहिलं. चुकलं वाटत असेल तर लिहून दाखव. श्री."

मासिक माझ्यावर पडले ते तेव्हा.

"हे माझं आहे," चारुदत्त म्हणाला. आवाज अगदी लहान होता. मग तो वाढला. "श्यामला, हे माझं आहे! चोर आहे तो. सरळ चोर. घरात बसून, चहा पिऊन... मी आत्ता संपादकांना पत्र लिहितो. नोटीस पाठवतो."

"पाठवा," श्यामला म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता. "पण सोबत काय जोडणार? तुमचं एक पान दाखवा."

तो आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. तो वही घेऊन बाहेर आला आणि दारातच उभा राहिला. वहीत काय आहे हे त्याला जणू आत्ताच कळत होते.

"अर्पणपत्रिका पाठवायची का?" श्यामलेने विचारले. तिला टोमणा मारायचा नव्हता. पण तो लागला.

"मास्तर आहेत ना," तो घाईने म्हणाला. "मास्तर साक्ष देतील. मास्तर, तुम्ही दर रविवारी इथे होता. सांगा, ही गोष्ट कुणाची?"

सदाशिव मास्तर स्ट्रायकर हातात धरून बसले होते. "आधी वाचून दाखवा, बौदी," ते म्हणाले. "मला ही अक्षरं भरभर येत नाहीत."

श्यामलेने वाचले. पंचवीस मिनिटे लागली. गोष्ट चांगली होती. खोटे कशाला सांगू? निशाण होते, लाल शाल होती, लांबून येणारे जहाज होते. आणि शेवटी ती बाई होती, जी पुन्हा कधी पुलावर आली नाही, नवऱ्याशी बोलली नाही, नदीपलीकडच्या खोलीत एकटी मेली.

वाचन संपले. खाली रिक्षाची घंटा वाजली.

"आजीने असं नाही केलं," मास्तर म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. श्रीकांतने..." चारुदत्त बोलायला लागला आणि गप्प झाला. १४ जुलै १९६८ त्याला आठवला होता. माझ्या तिसऱ्या कोपऱ्यालाही तो आठवत होता.

"आजी रोज जायची पुलावर," मास्तर सांगू लागले. "आजोबांचा डबा घेऊन. बागबाजारातून चालत. बावीस वर्षं. पूल उघडलेला असला तर डबा हातात धरून थांबायची, लोकांत. दोन तास तर दोन तास. एक दिवस चुकला नाही. लोक विचारायचे, तुला राग येत नाही? ती म्हणायची, तो तिथं उभा आहे, उपाशी आहे."

श्यामलेने मासिक मिटले.

"गोष्ट कुणाचा, विचारलात ना?" मास्तर म्हणाले. "आमचा आहे, चारुबाबू. मी सांगितला. याच टेबलावर."

त्या दिवशी त्यांच्या मराठीला कुणी हसले नाही.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" चारुदत्तने विचारले.

"तुम्ही लिहिणार कुठे होता?" मास्तर अगदी सरळपणे म्हणाले. "बोलण्यात काय जातं, म्हटलं. रविवारचा खेळ आहे."

मित्रांनो, माझ्यावर हजारो फटके बसले आहेत. असा एकही बसला नव्हता. चारुदत्त हळूहळू खुर्चीत बसला. सहा वर्षे तो स्वतःला लेखक समजत होता, आणि समोरच्या माणसाने त्याला कधी लेखक धरलेच नव्हते. श्रीकांतने निदान धरले होते, म्हणून वाट पाहिली. हा म्हातारा नुसता खेळत बसला होता.

"डब्याचं," चारुदत्त म्हणाला, "हे कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलात कधी?"

मास्तर उठले. चपला घालताना म्हणाले, "श्रीकांतबाबूंनी छापलं ते छापलं. त्यांना कुठं माहीत? पण आता कुणी लिहिणार असला, तर आजीला पुलावर न्या. मग बाकी काय पण लिहा." मग ते जिना उतरले. स्ट्रायकर माझ्या चौकटीवर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पहाटे पाच वाजता मला कुणीतरी उचलले. सोंगट्या घरंगळून फरशीवर पडल्या. चारुदत्तने मला उलटे केले आणि तोंड टेबलाकडे, पाठ वर असे ठेवले. मी घाबरलो. आठ वर्षांत माझी पाठ कुणी पाहिली नव्हती. मिस्त्रीने ठोकलेल्या त्या दोन पट्ट्यांमुळे पाठीचे चार चौकोन झाले होते. त्याने एका चौकोनात कोरे फुलस्केप कागद ठेवले. ते बरोबर बसले. दुसऱ्यात दौत आणि पेन. तिसरा लिहिलेल्या पानांसाठी, चौथा फाडलेल्या पानांसाठी. चौकटीच्या कडेमुळे काही खाली सांडत नव्हते.

मग तो बसला. सात वाजेपर्यंत बसला. काही लिहिले नाही.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी, २४ मार्चला, निबेचा पहिला दाब माझ्या पाठीला कागदातून जाणवला. ती ओळ त्याने फाडली. पण तिच्यानंतर दुसरी आली.

तेव्हापासून माझे तोंड टेबलाला लागले ते लागले. पावडर नाही, फटका नाही, राणी नाही. सोंगट्यांचा डबा कपाटावर गेला. ज्या गुळगुळीत अंगाचे एवढे कौतुक झाले, ते अंधारात राहिले. मला वाईट वाटले, हे लपवत नाही. मी खेळासाठी जन्मलो होतो. रोज पहाटे एक माणूस माझ्या पाठीवर वाकून श्वास घेत असे आणि क्वचितच काहीतरी लिहीत असे, एवढेच माझे आयुष्य झाले.

तो आता बोलत नव्हता. कचेरीतून सुटला की वाचनालयात जाई आणि जुन्या वर्तमानपत्रांतून पूल उघडण्याच्या वेळा उतरवून घेई. हावड्याच्या घाटावर जाऊन म्हाताऱ्या नावाड्यांना विचारी. रविवारी मास्तर येत, तो लिहिलेली पाने वाचून दाखवी आणि मास्तर सांगत, "आजी नऊवारी नेसायची, पण पायात काही नाही घालायची. चप्पल काढा." चप्पल काढली जाई. त्याबरोबर तीन पाने जात.

एकदा त्याने श्यामलेकडून डबा भरून घेतला आणि घरापासून पुलापर्यंत चालत गेला. त्रेपन्न मिनिटे लागली. परत आल्यावर श्यामलेने विचारले, "गरम राहिला का?"

"नाही. वरण पार थंड झालं."

"मग ती थंडच नेत असणार. वर दोन तास उभी राहिली तर आंबतही असेल उन्हाळ्यात. आणि तो तेच खात असणार. लिहा तसं."

त्याने तसे लिहिले. माझ्या मते त्या कादंबरीतले ते सगळ्यात चांगले पान आहे. श्यामलेने मात्र त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली. "पूर्वी तुम्ही कादंबरी बोलायचात तेव्हा घरात माणसं तरी असायची. आता तुम्ही घरात असून नसता. मला कोणता नवरा हवा, तेच कळत नाही." त्या वर्षी त्याने बढतीची परीक्षाही दिली नाही. १९७३ अखेर चौथ्या चौकोनातून दोनशे बारा पाने चुलीत गेली. १९७५ मध्ये पाच महिने तो माझ्याजवळ आलाच नाही, आणि माझ्या पाठीवर श्यामलेने पापड वाळत घातले. मग एके पहाटे पापड बाजूला झाले.

सगळ्यात कठीण होते ते पुलावरचे दोन तास. निशाण धरलेला माणूस काय विचार करतो? श्रीकांतच्या गोष्टीत तो कर्तव्याचा विचार करतो. चारुदत्तने ते नऊ वेळा लिहिले, नऊ वेळा फाडले. दहाव्या वेळी त्याने लिहिले की त्या माणसाला वाटते, आता बोलावे, थोड्या वेळाने बोलावे, जहाज जरा जवळ येऊ दे मग बोलावे. आणि बोलायचे राहून जाते. ते त्याने रविवारी वाचून दाखवले. मास्तरांनी मान हलवली.

"हे कुठून आणलं?" त्यांनी विचारले. "हे तर मी सांगितलं नव्हतं."

"हे माझं आहे," चारुदत्त म्हणाला.

पूर्वीही तो हेच म्हणाला होता. या वेळी कुणाला पुरावा मागावासा वाटला नाही.

ऑगस्ट १९७८ मध्ये कादंबरी पुरी झाली. स्वच्छ अक्षरातली तीनशे एक्केचाळीस पाने. कच्चे कागद होते, पण शेवटची तीन प्रकरणे त्याने एकदम पक्कीच उतरवली होती. त्यांची दुसरी प्रत नव्हती; निबेच्या पेनाला कार्बन चालत नाही. सोमवारी, २८ ऑगस्टला सकाळी त्याने ती पाने जाड कागदात गुंडाळली, माझ्याच पाठीवर ठेवून सुतळीने बांधली आणि वर पत्ता लिहिला. श्यामला मागे उभी होती. तिने पत्ता वाचला.

"श्रीकांत? पुणे?" ती खालीच बसली. "अहो, तुम्ही शुद्धीवर आहात ना? त्याला?"

"हो."

"ज्याने तोंडची गोष्ट नेली त्याला हातातली देताय? निदान शेवट तरी उतरवून ठेवा. मी उतरवते. चार दिवस द्या मला."

"चार दिवस ठेवलं तर मी पुन्हा बदलत बसेन. आणि मग पाठवणारच नाही. मला ओळखतेस तू."

"प्रकाशक मेले होते का सगळे?"

"लिहून दाखव म्हणाला होता," चारुदत्त म्हणाला. "दाखवतो."

त्याने पार्सल रजिस्टर केले. पोचपावती ८ सप्टेंबरला आली. तिच्यावर २ तारीख होती आणि सही होती सरलेची, म्हणजे श्रीकांतच्या बायकोची. श्रीकांतची नव्हती. तो घरी नव्हता, की आजारी होता, की त्याने सही करायचे टाळले, हे पावतीवरून कळत नाही. पत्र आले नाही. सप्टेंबर संपत आला तरी आले नाही. पहाटे पाचला चारुदत्त सवयीने येऊन बसे आणि माझ्या चार रिकाम्या चौकोनांकडे पाहत राही.

बुधवार, २७ सप्टेंबरपासून जो पाऊस लागला, तसा मी कधी पाहिला नव्हता. गल्लीत कमरेएवढे पाणी झाले. हावड्याला गाड्या येईनात. टपाल बंद झाले.

माझी तुमच्याकडे एक मागणी आहे, मित्रांनो, ती इथेच सांगून टाकतो. घरात कॅरमचा बोर्ड असेल तर त्याला भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवा आणि खेळून झाल्यावर पुसा; एकदा फुगलेले लाकूड पूर्ववत होत नाही. आणि त्यावर बसून कुणी आपल्या घरातली गोष्ट सांगितली, तर ती उचलण्याआधी त्याला विचारा, पुढे काय झाले? आम्ही साडेसात वर्षे विचारले नाही.

आज रविवार, १ ऑक्टोबर १९७८. पाऊस थोडा कमी आहे. दुपारी तीनला जिन्यात पाण्याचा चुबुक चुबुक आवाज आला आणि सदाशिव मास्तर धोतर खोचून, चपला हातात घेऊन वर आले. बेहालाहून कसे आले हे त्यांनाच माहीत.

"पत्र?" त्यांनी विचारले.

"नाही," श्यामला म्हणाली. "आणि आता कसलं येतंय! तुम्ही तरी अशा पाण्यात कशाला आलात? वाहून गेला असता म्हणजे?"

"रविवार आहे ना, बौदी. घुटी कुठे आहेत? लावा."

चारुदत्तने मला सुलटे केले. साडेसहा वर्षांनी मला छत दिसले. श्यामलेने पावडर शोधून आणली. ती खडा झाली होती. तिने ती बोटांनी कुस्करली. माझे पोट फुगले होते, स्ट्रायकर मध्येच अडत होता, आणि तिघे हसत होते. चौथी खुर्ची ओढून ठेवली होती, रिकामी.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी खालून कुणीतरी हाक मारली. श्यामला जिन्यात गेली. तारवाला होता, छातीपर्यंत भिजलेला. तिने सही केली आणि लिफाफा वर आणला. तो ओला होता. बाहेरून फक्त चारुदत्तचे नाव दिसत होते. तार कुठून आली, कुणाची, हे बाहेरून कळत नाही.

"उघडा ना," ती म्हणाली.

चारुदत्तने लिफाफा हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग माझ्या मधोमध, राणीवर ठेवला. मास्तरांनी स्ट्रायकर खाली ठेवला आहे. सहा वाजायला आले आहेत. लिफाफ्याचे पाणी माझ्या लाकडात उतरते आहे. तो अजून कुणी उघडलेला नाही.